तीन रंगांची बिजली

नागपूरच्या नंदनवनात माझं घर शोधायचं असेल तर माझं नाव सांगून काही उपयोग नाही. ‘लहानू डेंटरच्या मागचं घर’ असं विचारा, शेंबडं पोरही आणून सोडेल. तेहतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, अर्ध्या नागपूरला सफरचंदाची सावली कुठल्या बाजूला पडते ते समजावलं, आणि माझा पत्ता काय, तर एक पत्रा ठोकणारा माणूस. सुरुवातीला राग यायचा. आता पार्सल आणणाऱ्या मुलांना मीच फोनवर तसं सांगते.

लहानूभाऊ माझ्या घरापुढच्या गाळ्यात भाड्याने बावीस वर्षं आहेत. वय बावन्न, अंग बारीक, आवाज मात्र हातोडीवर मात करणारा. गाडी कशी ठोकली गेली हे मालक सांगत असतो तेव्हा ते ऐकत नाहीत. दाराच्या पत्र्यावरून तळहात फिरवतात आणि उलट त्यालाच सांगतात, “मागून कोणी नाई ठोकली भाऊ. तुमीच रिव्हर्समधी खांबाले देल्ली.” मालक ओशाळतो. बायको सोबत असेल तर जास्तच ओशाळतो.

रंगाची तर त्यांची तऱ्हाच वेगळी. त्यांचं घराणं तांडापेठेतलं, विणकरांचं. वडिलांच्या घरी हातमाग होता, लुगड्याच्या काठाचं सूत घरीच रंगवायचे. ते सगळं कधीच संपलं, पण सवय मुलाच्या हातात उतरली. रंग जुळवायचा असला की लहानूभाऊ डब्यात ब्रश घालत नाहीत, पांढऱ्या सुताचा धागा बुडवतात. तो वाळला की सकाळी अकराच्या उन्हात गाडीच्या पत्र्यावर आडवा धरतात. धागा दिसेनासा झाला तर रंग जुळला. आता बाजारात यंत्रं आली आहेत, गाडीचा नंबर टाकला की रंग तयार. लहानूभाऊ त्या दुकानाला ‘ज्यूस सेंटर’ म्हणतात आणि तिकडची पायरी चढत नाहीत. मी एकदा हौसेने दोन्हींची तुलना केली होती. यंत्राचा डाग मला दिसला, लहानूभाऊंचा सापडला नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आधीच हरभऱ्याच्या झाडावर बसलेले असतात, आणखी कशाला चढवा.

या माणसाचा देव म्हणजे एक गाडी. तिचं नाव बिजली.

पस्तीसेक वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘सूर्यजित’ नावाची हिंदी मालिका लागायची. दिवसा पोस्टात शिक्के मारणारा एक माणूस संकट आलं की बुरखा चढवायचा, अंगावर झूल घ्यायचा आणि बिजलीत बसून निघायचा. बिजलीला मागे दोन पंख, पुढे चोच, वर फुगीर काच. ती रस्त्यावर पळायची, पाण्यावर तरंगायची आणि फारच अडचण झाली तर उडायची. मालिका वर्षभर चालली आणि बंद पडली. बाकीची मुलं मोठी झाली, मार्गाला लागली. लहानूभाऊ अजून तिथेच आहेत.

तेव्हा तांडापेठेत त्यांच्या गल्लीत एकच टीव्ही होता, महादेवरावांचा. महादेवराव गिरणीत टाइमकीपर होते. रविवारी ते दार सताड उघडं ठेवायचे आणि दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस पोरं मावायची. सोळा वर्षांचा लहानू एका डेंटरकडे काम शिकत होता. वेळ झाली की तो हातोडी टाकून धावत यायचा. तोवर आत मुंगीलाही जागा नसायची, म्हणून तो बाहेरून खिडकीचे गज धरून उभा राहायचा.

“एका रविवारी बिजली एकदम जवळ आली, मॅडम,” हे त्यांनी मला किमान शंभर वेळा सांगितलं आहे. “अन् मले दाराचं हॅण्डल दिसलं. ॲम्बॅसेडरचं! मी खिडकीतून ओरडलो, अबे, हे तर ॲम्बॅसेडर हाय! आतल्या पोट्ट्यांनी मले टपल्या मारल्या. पण मी म्हटलं, म्हणजे हे कोणीतरी ठोकून बनवली हाय. आपल्यासारख्याच डेंटरनं. वरून पत्रा चढवला, पंख लावले, अन् उडवली बावा!”

बाकी सगळ्यांना त्या मालिकेत सूर्यजित दिसला. याला डेंटर दिसला. त्या दिवसापासून त्याने कामाला दांडी मारली नाही.

बिजलीची आणखी एक गोष्ट ते सांगत, ती अशी की ती रंग बदलायची. आकाशात गेली की निळी, समोरून आली की नारिंगी, रस्त्याला टेकली की खालून हिरवी. “तसा पेंट मले आजवर भेटला नाई,” असं म्हणून ते सुस्कारा टाकायचे. मी चित्रकलेची शिक्षिका, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मीही मान डोलावली. आमच्या घरी त्या वेळी टीव्हीच नव्हता, माझे वडील त्याला मूर्खांची पेटी म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात एक टोचन गाडी एक ॲम्बॅसेडर ओढत आमच्या दारात आली. कामठीला कुठल्याशा लिंबाखाली दहा वर्षं पडलेली, चाकांत गवत वाढलेलं. तिच्यामागून स्कूटरवर एक तरुण आला. तो महादेवरावांचा मुलगा वैभव. मिहानमधल्या एका कंपनीत आहे, वडिलांना घेऊन मनीषनगरला राहतो. मालिका संपल्यावर दोन वर्षांनी जन्मलेला.

“लहानूभाऊ, मार्चमध्ये बाबांना पंचाहत्तर वर्षं होतात,” तो म्हणाला. “लॉनवर कार्यक्रम आहे. गेटजवळ बिजली उभी करायची. रस्त्यावर चालवायची नाही, तशी परवानगीही मिळणार नाही. तुमच्या गल्लीतले सगळे जुने लोक येतील, बाबांना खूप आनंद होईल. त्यांना मात्र आधी काही कळू द्यायचं नाही. जमेल?”

लहानूभाऊ ॲम्बॅसेडरच्या दाराजवळ गेले आणि हॅण्डल धरून उभे राहिले. मी गॅलरीतून बघत होते. त्यांचे डोळे भरले होते, हे मी शपथेवर सांगेन.

वैभवने खिशातून मोबाइल काढला. “इंटरनेटवर फोटो आहेत तिचे, व्हिडिओपण—”

“ठेवा तो खिशात!” लहानूभाऊ कडाडले. “मले बिजलीचा फोटो दाखवता? मी तिले झोपेत बनवू शकतो.”

गर्वाचं घर खाली असं आपण मुलांना निबंधात लिहायला लावतो. स्वतः कोण वाचतं?

दोन महिने माझ्या कानांचं जे झालं ते मलाच ठाऊक. पंखांसाठी त्यांनी डेझर्ट कूलरचा पत्रा वापरला. जुना कूलर आपल्या नागपुरात घरटी एक सापडतोच, माझाही गच्चीवरचा त्यात गेला. चोच सहा वेळा ठोकली, सहा वेळा मोडली, कारण मालिकेतल्या बिजलीच्या चोचीला डावीकडे किंचित बाक होता म्हणे. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर धूळ खात राहिल्या. कोणी कुरकुर केली तर “तुमची गाडी उडते का? मग थांबा,” असं उत्तर मिळायचं. रंगाच्या वेळी त्यांनी गाळ्याला आतून पडदा लावला. मलासुद्धा मज्जाव. मी वैतागून म्हटलं, “गाळा माझा आहे.” ते म्हणाले, “गाळा तुमचा, बिजली माझी.”

रविवारी कार्यक्रम. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी वैभव गाडी बघायला आला. लहानूभाऊंनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी पडदा ओढला.

काय सांगू! टप निळा, पावसाळ्यानंतरच्या आकाशाचा. मधला सगळा भाग नारिंगी, खालचा पट्टा हिरवा. आणि रंग एकमेकांत असे मिसळलेले की कुठे निळं संपतं आणि कुठे नारिंगी सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. रंग बदलणारा पेंट मिळाला नाही म्हणून या माणसाने तिन्ही रंग एकाच अंगावर आणले होते. मी आयुष्यभर मुलांना जलरंगात जे शिकवलं आणि कोणालाच जमलं नाही, ते यांनी पत्र्यावर केलं होतं.

वैभवचा चेहरा मात्र उतरला. “हे काय केलंत, लहानूभाऊ? बिजली काळी होती.”

“कोण म्हणते?”

वैभवने मोबाइल समोर धरला. व्हिडिओ होता, स्वच्छ, रंगीत. सूर्यजितची झूल लाल, आकाश निळं, झाडं हिरवी, आणि बिजली काळी कुळकुळीत, बाजूने एक रुपेरी पट्टा. आकाशात काळी, रस्त्यावर काळी, समोरून आली तरी काळी.

“कोणी मागून रंगवली असन,” लहानूभाऊ म्हणाले. पण त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि बाकड्यावर बसून अख्खा भाग पाहिला. मग दुसरा लावला.

तेवढ्यात त्यांची बायको प्रेमिला डबा घेऊन आली. तीही त्याच गल्लीतली, त्याच खोलीत मालिका बघून मोठी झालेली. काय झालं ते कळल्यावर तिने कपाळाला हात लावला.

“अवो, टीव्हीवर कागद नव्हता का लावला काकाजीनं?”

“कोणता कागद?”

“प्लास्टिकचा! वरून निळा, मधात नारिंगी, खाली हिरवा. इतवारीच्या बाजारातून आणला होता. मी पुढे बसत होती, एक डाव हात लावला तं मले काकूनं रट्टा देल्ला.”

आजच्या मुलांना हे सांगावं लागेल. तेव्हाच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या काचेवर लोक असा तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद लावत. चित्र काळं-पांढरंच, पण वरचा भाग निळा दिसायचा, म्हणजे आकाश. खालचा हिरवा, म्हणजे गवत. मधली माणसं नारिंगी, मग ती कावीळ झाल्यासारखी दिसेनात का. टीव्ही रंगीत झाला असं समजायचं आणि गप्प बसायचं. लहानू लांबून, खिडकीतून बघायचा. त्याला कागद दिसला नाही, फक्त रंग दिसले.

“पस्तीस वर्षं माझं ऐकून राहिली, सांगतलं काहून नाई?” लहानूभाऊंनी विचारलं.

“मले वाटलं तुमाले माहीत हाय! त्या टीव्हीत तं आमचे शेजारी दिसले असते तं तेबी नारिंगी दिसले असते.”

मला हसू आलं आणि त्याच क्षणी मी ते गिळलं. लहानूभाऊ आपल्या तळहाताकडे बघत होते.

“मॅडम,” ते हळू म्हणाले, “आयुष्यभर मी लोकांचे रंग जुळवले. अन् माझा पहिलाच रंग खोटा निघाला.”

वैभव वाईट मुलगा नाही, हे मी रागातही कबूल करते. त्याने आवाज चढवला नाही. पण बाबांना न दाखवता वाटलेल्या पत्रिकेवर काळी बिजली छापली होती आणि त्याला वडिलांना खरी वस्तू द्यायची होती. “रविवारपर्यंत काळी करून द्याल का?” एवढंच तो म्हणाला. मी मध्ये तोंड घातलं, हा रंग किती कठीण आहे, नागपुरात दुसरा कोणी करणार नाही वगैरे. तो नम्रपणे म्हणाला, “मॅडम, सुंदर आहे. पण ही बिजली नाही ना.”

“करून देतो,” लहानूभाऊ म्हणाले. “गाडी तुमची हाय.”

शुक्रवारी सकाळी ते बाहेर गेले आणि तासाभराने काळ्या रंगाचा डबा घेऊन आले. डब्यावर नंबराची चिकटपट्टी होती. ज्यूस सेंटरचा रंग! बावीस वर्षांत पहिल्यांदा. ना सूत, ना ऊन, नुसता नंबर. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “यंत्राले कागद लावून फसवता नाई येत मॅडम. माझ्या डोळ्याचा आता भरोसा नाई.”

मी घरात आले आणि रडले. मग राग आला. रडल्यानंतर मला नेहमी राग येतो आणि रागात मी फोन करते. प्रेमिलाकडून नंबर घेऊन मी सरळ महादेवरावांना फोन लावला. तुमच्या वाढदिवसाची भेट माझ्या गाळ्यात उभी आहे, तासाभरात तिचा सत्यानाश होणार आहे, बघायची असेल तर या. मुलाने दोन महिने जपलेलं गुपित मी अर्ध्या मिनिटात फोडलं. आगाऊपणाच तो. पण माझा हिशेब पक्का होता. कागद ज्याने आणला, टीव्ही ज्याचा, तो माणूस हे तीन रंग बघताच ओळखणार, ‘हीच, हीच बिजली’ म्हणणार आणि काळा डबा परत जाणार.

महादेवराव ऑटोने आले. पांढरा सदरा, हातात काठी, ताठ. मागून वैभव स्कूटरवर, माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत. आत लहानूभाऊंनी कागद चिकटवून काचा झाकल्या होत्या, स्प्रे गनमध्ये काळा रंग भरला होता. कॉम्प्रेसर धडधडत होता. महादेवरावांना बघून त्यांनी गन घेतलेल्या हातानेच नमस्कार केला.

“काकाजी, तुमी कायले आले? रविवारी पाह्यली असती.”

महादेवराव गाडीभोवती फिरले. पंखांना हात लावला, चोचीला लावला, काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी हॅण्डल दाबून पाहिलं. मी श्वास रोखून वाट बघत होते.

“अशी होती काय ते?” ते म्हणाले.

माझा हिशेब तिथेच कोसळला.

“म्हणजे?” वैभवने विचारलं. “बाबा, तुम्ही दर रविवारी—”

“मी कुठं पाह्यली गा? चाळीस पोट्टे आत, मले कुठून जागा? मी बाहेर ओट्यावर बसत होतो, काठी घेऊन. गल्लीतलं एक कुत्रं चपला पळवत होतं. एका पोराची चपल गेली तं त्याची माय पुढच्या रविवारी त्याले पाठवणार नाई, म्हणून मी चपला राखत होतो.” ते लहानूभाऊंकडे वळले. “अन् समोर हा. खिडकीले लटकलेला. मी वर्षभर याची पाठच पाह्यली. आतून आवाज आला अन् याची पाठ हालली का मी समजून जात होतो, आता ते गाडी आली.”

कॉम्प्रेसर धडधडतच होता.

महादेवराव बाकड्यावर बसले. “एक गोष्ट मात्र लागून राह्यली मले. पलीकडच्या गल्लीत रंगीत टीव्ही आला होता. तुमी पोट्टे तिकडे गेले असते तं तुमाले रंग दिसले असते. माझ्या ऐपतीत काळा-पांढराच बसला. मग इतवारीतून तो प्लास्टिकचा कागद आणून लावला. त्यानं का होते? पोरांची समजूत घातली, झालं. आजबी कोणी भेटला का मले लाज वाटते, बिचाऱ्यांनी माझ्या घरी काळं-पांढरंच पाह्यलं.”

त्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं. निळ्याकडे, मग नारिंगीकडे, मग खालच्या हिरव्याकडे. अकरा वाजत आले होते आणि ऊन गाळ्यात शिरलं होतं.

“लहानू, मग तू हे एवढे रंग कुठून आणले गा?”

लहानूभाऊंनी हातातली गन खाली केली. त्यांनी आधी वैभवकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे.

“तुमच्याच घरून, काकाजी.”

वैभवने खाली वाकून कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.